सांभाळून घेऊ नका

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या आमच्या आत्याची सांबारवडी साऱ्या गोतावळ्यात नावाजलेली. चाळीस वर्षं तिनं ती मापाशिवाय आणि चव न बघता केली. एका दिवाळीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून, चिरून, सारण परतून तयार होतं. पारी लाटलेली. कढईत तेल तापलेलं. आणि आत्या ती पारी हातात घेऊन ओट्यापाशी उभी. पुढं काय करायचं, ते तिला सुचेना.

वहिनीनं पारी अलगद काढून घेतली. "आई, दमल्या तुम्ही, बसा जरा." वड्या तळल्या गेल्या, कढीसोबत फस्त झाल्या.

घरात बारा माणसं होती. बाराही जणांनी वड्या पाहिल्या, आत्याला कुणीच पाहिलं नाही. मीही त्या बारांतला एक.

तीन वर्षांनी ती गल्लीतल्या किराणा दुकानातून परत येताना घर चुकली, तेव्हा आम्ही धावलो. डॉक्टरांनी विचारलं, "हे केव्हापासून?" आम्ही छातीठोकपणे सांगितलं, "मागच्या महिन्यापासून." त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "स्वयंपाक करणं कधी सोडलं?" तेव्हा वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागचा महिना कुठला? तीन दिवाळ्या उलटल्या होत्या.

त्या तीन दिवाळ्यांत आम्ही काय म्हणत होतो? "वय झालं बाप्पा, एवढं तर होणारच." कुणी शंका काढलीच तर, "काहीतरीच काय बोलून राहिला तू? चांगली तर आहे." 'वय झालं' हे दोन शब्द आपल्या घरांत निदान म्हणून चालतात. त्यांना ना तपासणी लागते, ना फी.

फी नंतर लागते. व्याजासकट.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'साठी बुद्धी नाठी'. देशभरातल्या ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या दर १०० जणांत साधारण ७.४ जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा तिचा अंदाज. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा छातीत धडकी भरवतो. पण तोच आकडा उलटा वाचा. शंभरातल्या ब्याण्णव जणांची बुद्धी साठीनंतरही जागेवर आहे.

मग बुद्धी कशानं नाठी झाली? साठीनं की आजारानं?

वयासोबत धोका वाढतो, हे खरंच. पण गुडघ्याचा त्रासही वयासोबत वाढतो आणि तरी आपण गुडघा डॉक्टरांना दाखवतो. एक्स-रे काढतो, तेल लावतो, चार जणांचा सल्ला घेतो. गुडघ्याला जो मान आहे, तो मेंदूला का नाही?

ज्या बाईमुळे अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराला नाव मिळालं, ती म्हातारीही नव्हती. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर दाखल झाली, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. नवऱ्यावर संशय, घरातल्या वस्तू भलत्या जागी लपवणं, साधे शब्द न आठवणं. डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेलं बोलणं टिपून ठेवलं, १९०६ मध्ये ती गेल्यावर तिचा मेंदू तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत त्यावर निबंध वाचला. सभेत त्यावर काही चर्चा झाली नाही.

सव्वाशे वर्षं होत आली. आपल्या घरात अजून कुठं होते?

आता मराठी नावाकडे बघा. स्मृतिभ्रंश हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही येतो. तिथं तो क्रोधातून सुरू झालेल्या घसरणीची एक पायरी आहे, माणसाच्या आचरणाशी जोडलेला. आजाराशी त्याचा संबंध नाही. पण घरोघरी अजून विचारलं जातं, 'एवढी देवधर्म करणारी बाई, तिला हे कसं झालं?' मेंदूच्या पेशी मरतात म्हणून झालं. देवधर्म कमी पडला म्हणून झालेलं नाही.

शिवाय हा शब्द अर्धाच आहे. त्यात फक्त स्मृती आहे. अनेकांची स्मृती सुरुवातीला बरी असते, आणि आधी जातात ते शब्द, रस्ते, हिशेब, तारतम्य, स्वभाव. घरचे वाट बघत बसतात, आई कधी विसरायला लागते. तोवर आजारानं निम्मा रस्ता कापलेला असतो.

मग ओळखायचं कसं?

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं हा आजार नाही. मग मराठी माणूस विशीतच आजारी म्हणावा लागेल. लग्नात भेटलेल्याचं नाव न आठवणं आणि रात्री झोपताना एकदम आठवणं, हेही नेहमीचं. आठवण उशिरा आली तरी आली. कुणी धागा दिला की सापडली.

काळजी तेव्हा करा, जेव्हा धागा देऊनही सापडत नाही. किल्ली कुठं ठेवली हे विसरणं एक. किल्ली फ्रीजमध्ये सापडणं दुसरं. आणि किल्ली हातात असून तिचं काय करायचं हे न समजणं तिसरं. पहिल्यावर हसा. दुसऱ्यावर थांबा. तिसऱ्यावर वेळ काढून डॉक्टर गाठा.

तोच प्रश्न पुनःपुन्हा. "सुट्टी कधी लागून राहिली मुलांना?" उत्तर मिळतं. पाच मिनिटांनी परत तोच प्रश्न, त्याच कुतूहलानं, जणू पहिल्यांदाच. नातू वैतागतो, "आजी, आत्ताच तर सांगितलं!" नातवासाठी ते आत्ताच असतं. आजीच्या लेखी ते घडलेलंच नसतं.

मग चिडून काय उपयोग?

स्वयंपाकघराकडे बघा. मीठ दोनदा, फोडणी कच्ची, गॅस सुरूच. रोजचे पाच पदार्थ करणारी बाई हळूहळू एकाच खिचडीवर येते. घर म्हणतं, 'कंटाळली असेल.' असेलही. पण जिनं चाळीस वर्षं कंटाळा केला नाही, तिला आत्ताच तो का आला, हे विचारायला कुणाला वेळ असतो?

पैशांकडे बघा. वीज-बिल दोनदा भरलं, पासबुकातल्या नोंदी जुळत नाहीत, भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या काकूंना सुट्टे मोजता येईनात. भाजीवाल्याला पन्नासाऐवजी पाचशेची नोट. अनोळखी फोनवर विश्वास ठेवून खातं रिकामं. आयुष्यभर पै-पै जपणारा माणूस असा फसला, तर मुलं त्याला रागावतात. रागवण्याआधी एक शंका घ्या. सावध माणसाची सावधगिरी गेली कुठं?

रस्त्याकडे बघा. आणि इथं नागपूरकरांनी जरा जपून. आपलं शहर गेल्या दहा वर्षांत इतकं बदललं, की बर्डीला नव्या पुलांखाली धडधाकट माणूसही वाट चुकतो. २०१९ मध्ये मेट्रो धावू लागली, खुणेची दुकानं खांबांमागं गेली, ओळखीचे चौक अनोळखी झाले. नव्या रस्त्यावर गोंधळणं म्हणजे आजार नव्हे.

आपल्याच गल्लीत गोंधळणं म्हणजे धोक्याची घंटा.

बोलण्याकडे बघा. "ते दे ना." कोणतं? "ते नाही का, ते, पाणी प्यायचं." पेला हा शब्द गेलेला असतो. प्रत्येकाचे शब्द कधीमधी अडतात. पण वाक्यावाक्याला 'ते' येऊ लागलं आणि समोरचा सवयीनं ते 'ते' भरून काढू लागला, की कुणाच्याच लक्षात येत नाही.

घडी बसते. तीच घडी घातक.

आता सगळ्यांत दुखऱ्या खुणेकडे. सासूबाईंच्या पाटल्या सापडत नाहीत. त्यांनीच त्या जुन्या पातळाच्या चिंधीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात खोल ठेवल्या, आणि ठेवल्याचं विसरल्या. आता पाटल्या गेल्या कुठं? मेंदूला रिकामी जागा सोसत नाही, तो ती भरतो. "बाईनं नेल्या." बाईला काढून टाकलं. पुढच्या महिन्यात पासबुक हरवलं. आता घरात कोण उरलं?

सून.

शेजारीपाजारी कुजबुज. नणंदेचे फोन. "आईच्या वस्तूंना हात का लावते तू?" किती घरांत वाटण्या झाल्या असतील, किती बहीण-भाऊ तुटले असतील, आणि कारण तांदळाच्या डब्यात पडून असेल? वारंवार घेतला जाणारा चोरीचा आळ हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे. ते माहीत नसल्यामुळे आपण त्याला सासू-सुनेचं भांडण समजतो.

आजार सासूला, शिक्षा सुनेला. हा कुठला न्याय?

माणूस मिटायला लागला तर तेही बघा. रोज पहाटे अंबाझरीला फिरायला जाणारे काकाजी घराबाहेर पडेनात. भजनी मंडळातली पुढची जागा रिकामी. कारण विचाराल तर 'गुडघे दुखतात'. खरं कारण बरेचदा वेगळं असतं. पत्त्यांच्या डावात हुकूम कोणता हे लक्षात राहत नाही आणि चार जणांत ते उघडं पडतं. अब्रू वाचवायला माणूस घरी बसतो.

त्यालाही कळलेलं असतं. फक्त तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

काहींचा स्वभावच पालटतो. पन्नाशी-पंचावन्नचा सभ्य गृहस्थ चारचौघांत अचकट बोलू लागतो, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खातो, बायको रडली तरी त्याला काही वाटत नाही. लोक म्हणतात, 'या वयात चळ लागला.' आपण त्याला म्हातारचळ असं नावच देऊन टाकलंय. मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार असा दिसू शकतो. नाव देऊन मोकळं होणं सोपं.

तपासणं कुणी करायचं?

आणि काहींना नसलेलं दिसतं. "कोपऱ्यात लहान पोरं बसली आहेत, त्यांना जेवायला वाढ." एक दिवस चांगला, तर दुसरा साफ बिघडलेला. चाल मंद, रात्री झोपेत हातपाय झाडणं. स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात असं होतं. घरात मात्र निर्णय झालेला असतो, 'बाहेरचं आहे.' मग लिंबू, अंगारा, धागा, अमावास्या.

आजार आतला. इलाज बाहेरचा. वर्ष वाया.

या सगळ्या खुणांत एक सूत्र आहे, तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. माणसाला त्याच्याच जुन्या पट्टीनं मोजा. शेजारच्या ऐंशीच्या आजोबांशी तुलना नको. जो कधीच हिशेब ठेवत नव्हता त्याचा हिशेब चुकला, तर काही बिघडलं नाही. हिशेबनीस चुकू लागला, तर बिघडलं. आधी यायचं ते आता येत नाही, सहा महिने-वर्षभर हळूहळू घसरतंय, आणि रोजच्या कामांत अडतंय. या तीन गोष्टी जुळल्या की 'वय झालं' म्हणायचा हक्क संपला.

पण ही घसरण आपल्याला दिसत का नाही? कारण आपण सांभाळून घेतो.

सांभाळून घेणं हा आपला मोठा गुण. बाबा अडखळले की आई वाक्य पूर्ण करते. आई अडखळली की बाबा. पासबुक मुलगा बघतो, औषधं सून काढून देते, पाहुण्यांसमोर कुणीतरी विषय बदलतं. पेन्शनवर घरी बसलेल्या माणसाला दिवसभरात अवघड असं काही करावंच लागत नाही. चहा हातात, ताट पुढ्यात, टीव्ही समोर.

त्याची परीक्षाच होत नाही. मग तो नापास झाल्याचं कळणार कसं?

नागपूरची पोरं पुण्याला, बंगळुरूला, काही थेट अमेरिकेत. दर रविवारी व्हिडिओ कॉल. "आई कशी आहे?" उत्तर बाबा देतात, "मस्त आहे एकदम." आई शेजारी बसून हसते, मान हलवते. दहा मिनिटांत फोन संपतो. मुलगा निश्चिंत.

आई त्या फोनमध्ये किती शब्द बोलली, हे कुणी मोजलं?

दोन वर्षांनी तोच मुलगा घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी दचकतो. "आईला काहीतरी झालंय." घरचे त्याच्यावरच उखडतात. "वर्षातून एकदा येतो आणि आम्हाला शिकवतो!" राग समजू शकतो. रोज बघणाऱ्याला वाढणारं मूल दिसत नाही, तशी उतरणारी आईही दिसत नाही. म्हणून बाहेरून आलेल्याचं दचकणं वाऱ्यावर सोडू नका.

बऱ्याचदा तेच पहिलं निदान असतं.

मराठीत या विषयावर एक चांगला सिनेमा आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा 'अस्तु'. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत हरवतात. भूमिका मोहन आगाशेंची, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. थिएटरांत तो यायला २०१६ उजाडलं. ज्यांनी पाहिला ते विद्वान माणूस लहान मूल झालेला बघून हेलावले.

पाहून घरी आल्यावर आपल्या बाबांकडे किती जणांनी नीट पाहिलं?

बरं, तो प्राध्यापक होता, पुस्तकांत बुडालेला. तरी झालं. जॉर्ज फर्नांडिस आठवा. १९६७ मध्ये मुंबईत स. का. पाटलांना हरवणारा, १९७४ चा रेल्वे संप उभारणारा, अनेक भाषांत सभा गाजवणारा माणूस. शेवटची कित्येक वर्षं अल्झायमरमध्ये गेली, २०१९ मध्ये ते वारले. 'शब्दकोडी सोडवली की होत नाही' म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. डोकं वापरणं चांगलंच.

पण ते कवचकुंडल नाही.

आता डॉक्टर. इथं आपली पावलं जड होतात. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे, आणि त्याच्या जवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात. ऑटोवाल्याला तेच नाव सांगावं लागतं. ज्या गावात चौकाचं नाव असं, तिथं 'आईला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतो' म्हणायला पोराची जीभ रेटत नाही.

शब्दाची भीती. नुकसान माणसाचं.

म्हणून सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करा. ते मेंदूविकारतज्ज्ञाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतील. खासगीत जमत नसेल तर नागपुरात सरकारी मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे. जाताना एक कागद न्या. कोणती गोष्ट पहिल्यांदा केव्हा दिसली, सण-लग्न-बारसं यांच्या खुणेनं लिहा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घाला.

तारखांचा तो कागद डॉक्टरांना दहा मिनिटांच्या भेटीत तीन वर्षं दाखवतो.

आणि लवकर जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण ऐका. विसरणारा प्रत्येक जण स्मृतिभ्रंशाचा नसतो. बी-१२ कमी पडलं, थायरॉईड बिघडलं, सोडियम उतरलं, मनात खोल उदासी बसली, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं, झोपेच्या किंवा सर्दी-खाजेच्या काही गोळ्या चढल्या, तरी माणूस असाच दिसू शकतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

'वय झालं' म्हणून आपण बरा होणारा माणूसही घरी बसवून ठेवतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरसमोर बसलेली आजी दोन दिवसांत भ्रमिष्टासारखी बरळू लागते, दिवसा झोपते, रात्री जागते. ही घसरण वर्षांची नसते, तासांची असते. अंगातलं पाणी कमी झालं असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, क्षार बिघडले असतील. अचानक झालेला गोंधळ म्हणजे तातडी. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

'सोमवारी बघू' म्हणू नका.

दवाखान्यातही घरच्यांनी तोंड उघडायला हवं. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं आणि ती चुकली, तर आजार गणितात शोधला गेला. तिची परीक्षा तिच्या आयुष्यातून घ्या. पुरणाला डाळ किती, लग्नात आहेर कुणाला कोणता, नातवंडांचे वाढदिवस कधी. त्या २०२३ च्या पाहणीत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण बायकांत, खेड्यांत आणि न शिकलेल्यांत जास्त आढळलं.

ज्यांना तपासणी जास्त हवी, त्यांनाच परीक्षा परकी. चालेल का?

घरी मात्र परीक्षा घेऊ नका. विशेषतः ती एक, लग्नाच्या मांडवातली. समोर उभं राहून, हात मागं बांधून, मोठ्यानं, "काय मामाजी, ओळखलं का? सांगा बरं कोण मी?" मामाजींच्या चेहऱ्यावर घाम. भोवती चार जण हसतात. अरे, ओळख पटली नाही तर त्यांची फजिती, पटली तर तुला काय मिळालं? सरळ सांगा, "मामाजी, मी तुमचा मधला जावई, वर्ध्याहून आलो."

एवढ्यानं त्यांचा दिवस वाचतो.

औषधांचं खरं ते सांगतो. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध नाही. डोनेपेझिल, मेमँटिनसारख्या गोळ्या काहींना काही काळ आधार देतात. नवी औषधं आजार थोडा मंद करतात, तेही फक्त सुरुवातीच्या टप्प्यात, आणि त्यांत मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो. जाहिरातीतली 'मेमरी'ची बाटली यातलं काहीच करत नाही.

"मग औषधच नाही तर लवकर कळून फायदा काय?" हा प्रश्न मला दर वेळी ऐकू येतो.

फायदा हा, की त्या माणसाला स्वतःचं ठरवता येतं. मृत्युपत्र, वारस-नोंदी, बँकेची जोडखाती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, पुढं आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि आपल्या वतीनं कुणी बोलावं, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. पुष्कळ जण मुखत्यारपत्रावर विसंबतात. १८७२ च्या करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारी संपते. मग आईच्याच पैशांतून आईचा इलाज करायला हायकोर्टाची पायरी चढावी लागते.

जॉर्जनी कुणाजवळ राहायचं, हा वादही शेवटी कोर्टात गेला होता. एवढ्या मोठ्या माणसाचं हे. तुमच्या-माझ्या बाबांचं काय?

आणि ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, त्यांच्यासाठी. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटानं १४ कारणं मोजली, ज्यांवर आयुष्यभरात काम केलं तर स्मृतिभ्रंशाची जवळपास ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता यावीत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, दारू, बैठं जीवन, एकटेपणा, दूषित हवा. आणि ऐकू कमी येणं. आजोबांना ऐकू येत नाही म्हणून घरात त्यांच्या नकला होतात.

नकला थांबवा. कानाचं यंत्र घ्या.

त्या यादीत आणखी एक कारण आहे, कमी शिक्षण. लहानपणी शाळा मिळाली तर मेंदू पुढचे घाव जास्त काळ झेलू शकतो. आमच्या आत्याला चौथीतून काढलं, धाकटी भावंडं सांभाळायला. तिच्या आजाराचं कारण तेच, असं मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू शकणार नाही. पण मुलीची शाळा सोडवणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. तिच्या सत्तरीची तरतूद तिच्या सातव्या वर्षी होते.

शेवटी, हे सगळं करणार कोण? आपल्याकडे मुलगा 'लक्ष ठेवतो'. करते सून, बायको किंवा मुलगी. रात्री तीनला दार उघडून निघालेल्या माणसाला परत आणणं, तोच प्रश्न चाळिसाव्यांदा ऐकणं, अंघोळीला नकार, कपड्यांत झालेली लघवी. तिला महिन्यातून दोन दिवस सुट्टी द्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हे सरकारी मदत-क्रमांक आहेत. फ्रीजवर चिकटवा.

तिला 'किती करते गं तू' म्हणू नका. एक रात्र तुम्ही जागा.

आमच्या वहिनीनं गेल्या दिवाळीत एक केलं. पारी आत्याच्या हातातून काढून घेतली नाही. शेजारी उभी राहिली आणि एकेक सांगत गेली. "आई, आता मसाला लावा. आता सारण. आता घडी." आत्यानं तीन वड्या केल्या. एक तेलात फुटली. आत्या त्या फुटक्या वडीकडे बघून म्हणाली, "ही पोरांना दे."

सांभाळणं ते. इतकी वर्षं आम्ही करत होतो ते नुसतं सांभाळून घेणं.

येत्या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा बाबांना सांगा, फोन आईकडे द्या. तिला विचारा, आज काय केलं स्वयंपाकात. आणि ती अडखळली, तर कुणी मध्ये बोलू नका.

तिचं वाक्य तिलाच पूर्ण करू द्या. आणि ते पूर्ण होतं का, ते ऐका.